पाचव्या खोलीची कौले आधी परतावीत

मी, आत्माराम भिकाजी शिवलकर, वय वर्षे त्रेपन्न, पूर्वीचा धंदा मुंबईस छापखान्यात खिळे जुळवणे, हल्लीचा धंदा येथील एका साप्ताहिकात लोकांची टर उडवणे, राहणार रत्नागिरी, स्वतःच्या मालकीच्या पाच खोल्यांच्या चाळीपैकी चौथ्या खोलीत, आज हे मृत्युपत्र लिहावयास बसलो असून, मालमत्तेकडे वळण्यापूर्वी एक गंभीर तक्रार कायमची नोंदवून ठेवतो. ती अशी की, तिसऱ्या खोलीतील भाडेकरू केरू याची पिवळी कोंबडी गेला दीड महिना रोज सकाळी माझ्या खोलीत शिरून माझ्या टाक-दौतीच्या पेटीत अंडे घालते. पेटी माझी, जागा माझी, कष्ट तिचे. अंडे कोणाचे, याचा निकाल लागलेला नाही. केरू म्हणतो, "कोंबडी माझी तर अंडा माझा." मी म्हटले, "माझ्या हद्दीत पडलंय." तर म्हणतो, "मग अंडा तुमी ठेवा नि कोंबडीला भाडा लावा." हा वाद माझ्या हयातीत मिटेल असे दिसत नाही. वारसांनी तो पुढे चालवू नये.

माझी शुद्ध ठिकाणावर आहे. या कागदात विनोद आढळला तर तो सवयीचा समजावा, भ्रमाचा नव्हे. डॉक्टरांनी छातीला नळी लावून जे ऐकले ते मला न सांगता माझा पुतण्या सदू यास पडवीत नेऊन सांगितले. पडवी आणि मी यांच्यामध्ये एक फळकूट आहे, हे दोघांच्याही ध्यानात आले नाही. त्यामुळे घाईने लिहितो आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. सदूने आणले होते, पण ते या कागदाच्या अगदी उलट दिशेचे होते. ते पुढे येईल.

कलम पहिले. मिळकतीचे वर्णन. जांभ्या दगडाची, कौलारू, एका रांगेतील पाच खोल्यांची चाळ, पुढे सामाईक पडवी, खाली विहीर. पैकी चार खोल्यांची पाठ डोंगराला टेकलेली. पाचवी मात्र डोंगर संपतो तिथे आहे. जोते उंच, तीन बाजू मोकळ्या, पश्चिमेला खिडकी, खिडकीतून समुद्र. सदर मिळकत मी सन १९२७ च्या मे महिन्यात हातखंब्याचा भागोजी याजकडून खरेदी केली. पैसे पंचवीस वर्षांच्या खिळे जुळवण्याचे आणि माझी पत्नी येसूबाई हिच्या पाटल्यांचे.

गिरगावातल्या खोलीत येसूला खोकला जडला होता. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, औषध पुष्कळ झाले, आता हिला मोकळ्या हवेवर न्या. म्हणून गावी परत येणे ठरले. येसूचे म्हणणे एवढेच होते, "दोन माणसांना एक खोली पुरे. वरच्या चार कशाला?" मी तिला समजावले की पाचवीत आपण राहायचे आणि चारांच्या भाड्यावर म्हातारपण काढायचे. हिशेब असा होता की त्यात कुठे चूक सापडेना. छपाईआधी दुसऱ्यांची मुद्रिते तपासून चुका काढण्यात माझा हात कोणी धरत नसे. स्वतःच्या बाबतीत मी मुद्रित न बघताच छापायला सोडले.

कलम दुसरे. भागोजीविषयी. भागोजीने मला चाळ दाखवली तेव्हा पाचही दारांत माणसे होती. कुठे पोर रडत होते, कुठे चुलीवर काही शिजत होते. मी खूश झालो. खरेदीखत झाल्यावर आठ दिवसांनी पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या खोलीतली बिऱ्हाडे बैलगाडीत बसून हातखंब्यास निघून गेली. ती भागोजीच्या सासुरवाडीची माणसे होती, दोन वेळच्या जेवणावर आणलेली. त्यांच्या चुलीमागच्या भिंतीवर काजळी नव्हती. मी ते पाहिले होते. पाहून येसूला म्हणालो होतो, "बघ, किती स्वच्छ लोक!"

भिंतींना नवा चुना होता. मृगानंतर तो चुना पापुद्र्यांनी सुटला आणि त्याच्या आतून जुनी ओल वर आली, माणसाच्या छातीइतकी. डोंगरात मुरलेले पाणी सरळ चार खोल्यांच्या पाठभिंतीत उतरते आणि जांभा ते पोटभर पितो. वैशाखात जांभ्याइतका कोरडा, प्रामाणिक दिसणारा दगड दुसरा नाही.

सबब भागोजी यास मी पुढील देणगी देतो. त्याने दरसाल आषाढ महिना माझ्या चौथ्या खोलीत बिनभाड्याने राहावे. खाट डोंगराकडच्या भिंतीला लावावी. चुना त्याने स्वतःचा आणावा.

कलम तिसरे. गोदूबाईविषयी. हे कलम मोठे होईल.

चाळ बघितली त्या दिवशी पाचव्या खोलीच्या उंबऱ्यावर एक पन्नाशीची बाई तांदूळ निवडत बसली होती. मी भागोजीला विचारले, "ह्या कोण?" तो म्हणाला, "आमची वयनी. थोरल्या भावाची बायको. पावणी आलीय, चार दिसांनी जाईल." पुरुषाने पुरुषाला विचारले, पुरुषाने उत्तर दिले, काम झाले. परक्या घरच्या बाईला सरळ विचारायची रीत नाही. येसू मात्र विहिरीवर गेली होती. परत आल्यावर मला म्हणाली, "आयकलंत काय? ती बाय म्हणते ती कुठं जायची नाय. न्हवरा गेला तेव्हा पंचांनी ती खोली तिला मरेपर्यंत र्‍हायला दिलीय म्हणते. कागद हाय तिच्यापाशी."

मी हसलो. म्हणालो, "विहिरीवरचं बोलणं दस्तात येत नाही."

येसूने पुन्हा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी मी सही केली.

कागद खरा होता. भागोजीचा अंगठाही त्यावर होता. मजकूर असा की खोली उभी आहे तोवर आणि बाई जिवंत आहे तोवर तिला कोणी उठवू नये. म्हणजे समुद्राची खिडकी आली गोदूबाईकडे आणि आम्ही आलो शेजारच्या चौथीत, ज्या खोलीला खिडकी म्हणून एक गवाक्ष आहे, त्यातून केरूचा गोठा दिसतो.

मी दावा लावला. शिवाय साप्ताहिकात एक लेख लिहिला, 'पाचव्या खोलीतली महाराणी'. तिचे ते उंबऱ्यावर बसणे, एका सुपाएवढ्या राज्याचा कारभार, सगळे त्यात होते. गावभर लोक हसले. माझ्या वकीलसाहेबांनी कचेरीत मोठ्याने वाचून दाखवला. येसूला मी गिरगावात वाचायला शिकवले होते. तिने बोट फिरवत तो पुरा वाचला आणि म्हणाली, "लिवलंय बरा. पण तिला वाचता येत नाय. मग तुमी ह्या कुणासाठी लिवलंत?"

एवढ्यावर मी थांबलो नाही. दर वैशाखात छपराची कौले उतरून, फुटकी काढून, परत बसवावी लागतात. ते मालकाचे काम. मी चार खोल्यांची कौले परतून घेई आणि माणसांना सांगे, पाचवीला हात लावू नका. खोली उभी आहे तोवर, असे पंचांनी लिहिले होते ना? मग ती कशी उभी राहते ते बघू. तीन वर्षे असे केले. खोली पडली नाही. मला त्याचे नवल वाटे. नंतर कळले की माझी पाठ वळली की केरू शिडी लावून वर चढे, गोदूबाई खालून कौल देई, आणि शिडी धरून उभी राही येसू.

तिची नि गोदूबाईची मैत्री मला माहीत नव्हती असे म्हणणार नाही. मी बघत नव्हतो. दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. मी बाहेर गेलो की ही इकडून कालथ्याने भिंतीवर वाजवी, ती तिकडून वाजवी. दावा चालू असलेल्या दोन पक्षांत इतका पत्रव्यवहार कोणत्याही कोर्टात झाला नसेल.

सन १९३० च्या पावसात येसूचा खोकला छातीत उतरला. अंथरूण सकाळी उचलले तर खालून ओले. मी खाट भिंतीपासून ओढली, दाराशी आणली, तिथे वरून ओहोळ. एक दिवस भर दुपारी गोदूबाई माझ्या दारात येऊन उभी राहिली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"मालक," ती म्हणाली. हा शब्द ती चिमटा काढल्यासारखा उच्चारी. "पाऊस सरेपर्यंत येसूला घेऊन माझ्या खोलीत र्‍हावा. मी हितं निजतंय. माझी हाडा जांभ्याचीच हायत, त्यांना काय व्हायचा नाय."

मी दारातल्या गळतीखालचे भांडे सरकवले.

"भांडाण तुमचा नि माझा. तिचा काय त्यात?"

मी सांगितले, वकिलांना विचारतो. आणि छत्री घेऊन भर पावसात खरोखर विचारायला गेलो. वकीलसाहेब म्हणाले, "शिवलकर, वेडेपणा करू नका. बाईने खोली दिली आणि तुम्ही घेतली, म्हणजे ती द्यायचा तिला हक्क होता हे तुम्ही मान्य केलेत. दावा तिथेच बुडाला."

परत येऊन मी गोदूबाईला म्हणालो, "जे बोलायचं ते कोर्टात बोला." तिने माझ्याकडे बघितले नाही. माझ्या मागे अंथरुणावर होती तिच्याकडे बघितले आणि गेली.

येसू काही वेळाने म्हणाली, "तिच्या खिडकीतना समुद्र दिसतो म्हणे."

मी म्हटले, "निकाल लागू दे. मग तुला तिथेच ठेवतो."

"बरा," ती म्हणाली.

श्रावणात, शुक्रवारी दुपारी, ती गेली. समुद्र तिथून वीस पावलांवर दिसत होता.

निकाल दोन वर्षांनी लागला. मी हरलो. कोर्टाच्या पायरीवर मी वकीलसाहेबांना विचारले, की त्या पावसात मी ती खोली घेतली असती तर किती फरक पडला असता? ते पानाला चुना लावत होते. म्हणाले, "खरं सांगायचं तर काहीच नाही. पंचांचा कागद फारच पक्का होता. दाव्यात पहिल्यापासूनच दम नव्हता."

सदर वकीलसाहेबांस मी दाव्याचे सर्व कागद, दोन गाठोडी, देतो. त्यांनी त्यांचे काय करावे हे मी लिहिणार होतो. दुसऱ्या खोलीतले भाडेकरू गंगाराम मास्तर या कागदावर साक्ष घालणार आहेत, ते म्हणाले, साक्षीदाराला लाज वाटेल असे लिहू नका. म्हणून लिहीत नाही.

कलम चौथे. किरकोळ. माझी खिळे जुळवण्याची लोखंडी पट्टी आणि चिमटा साप्ताहिकाच्या छापखान्यास द्यावा. तिथला जुळारी 'कोर्ट' हा शब्द डोळे मिटून जुळवतो आणि दर वेळी चुकवतो, ते त्याने चालू ठेवावे. चष्मा गंगाराम मास्तरांस, त्यांना माझाच नंबर लागतो. माझे छापून आलेले लेख एका ट्रंकेत आहेत. 'पाचव्या खोलीतली महाराणी' हा लेख ज्या अंकात आहे तो अंक माझ्या चितेत घालावा. गावात कोणाकडे दुसरी प्रत असल्यास त्याने ठेवावी, मी मागू शकत नाही. लोकांना तो अजून तोंडपाठ आहे आणि पडवीत गोदूबाईसमोरून जाताना ते हळू आवाजात म्हणतात. माझे सर्वांत गाजलेले लिखाण तेच.

येसूची पोथी, तिचा आरसा आणि भिंतीवर वाजवायचा कालथा गोदूबाईस द्यावा.

कलम पाचवे. ज्यांना चार पैसे गाठीला बांधून भाड्याची चाळ घ्यायची हौस आहे अशा मुंबईहून परतणाऱ्या सर्व बंधूंस माझा अनुभव इस्टेट म्हणून देतो, फुकट आहे. चाळ आषाढात बघावी. न कळवता जावे, आणि एकदा गेल्यावर पुन्हा भलत्याच वारी जावे. चुलीमागे काजळी आहे का बघावे. भिंतीला हात लावावा, चुन्याला नव्हे. विकणाऱ्याला काही विचारू नये, तो सांगणारच आहे. विहिरीवर बायकोला पाठवावे. आणि ती परत येऊन जे सांगेल ते खाली बसून ऐकावे.

कलम सहावे. मुख्य व्यवस्था. ही चाळ माझ्यामागे माझा पुतण्या सदू, राहणार मुंबई, गोदीत नोकरी, यास मिळावी. सदू वाईट मुलगा नाही. गेल्या महिन्यात तो खेडचे एक गिऱ्हाईक घेऊन आला. मला म्हणाला, "काका, पैशेवाला माणूस हाय. पण पाची खोल्या रिकाम्या मागतोय. म्हातारीचा काय तो निकाल लावा."

मी म्हटले, "निकाल लागलाय. कोर्टानं लावलाय."

"तसा नाय वो. दोन वरसा पाचवीची कौला परतू नका. छप्पर बसला की तिचा हक पण बसला. कागदात तसाच हाय ना?"

मी त्याला विचारले, "हे तुला कुणी शिकवलं?"

तो म्हणाला, "तुमीच करीत होतात की. मी सुट्टीत यायचो तेव्हा बगितलाय."

खेडच्या गिऱ्हाइकाला मी परत पाठवले. पण मी आज आहे, उद्या नाही, आणि गोदूबाईला आता शिडी धरायला कोणी नाही. केरूचे गुडघे गेले. या पावसाळ्यात तिच्या खोलीत दोन ठिकाणी गळले. तिने मला सांगितले नाही. मी भिंतीतून भांडी ठेवल्याचा आवाज ऐकला. म्हणून पुढील अटी आहेत आणि त्या पाळल्या तरच चाळ सदूची, एरवी ती गावच्या देवस्थानास जाईल आणि मग सदूने पुजाऱ्यांशी दावा खेळावा.

अट अशी की, दर वैशाखात पाचव्या खोलीची कौले आधी परतावीत आणि मग बाकीची. पैसे, माणसे वा कौले कमी पडली तर ती बाकीच्यांना कमी पडावीत. गोदूबाई हयात आहे तोवर चाळ विकू नये, गहाण टाकू नये, कोणाला दाखवूही नये. खोली वाऱ्याने, पाण्याने वा देवाच्या मर्जीने पडलीच तर ती सदूने पुन्हा बांधून द्यावी, खिडकी पश्चिमेलाच ठेवावी. पंचांनी खोली उभी असेतो म्हटले होते. मी म्हणतो, बाई असेतो.

दुसरी अट. डोंगर आणि पाठभिंत यांच्यामध्ये हातभर रुंद आणि कमरेइतका खोल चर खणावा आणि त्याचे पाणी ओढ्याला काढून द्यावे. गवंड्याने मला सांगितले, चार गडी लावले तर आठ दिवसांचे काम, भिंती दोन पावसांत सुकतील. हे मी त्याला यंदा विचारले. सन २७ साली विचारले असते तरी त्याने हेच सांगितले असते. दाव्याला मी चार वर्षे दिली.

तिसरी अट. चर खणून भिंत सुकल्याशिवाय चौथ्या खोलीत कोणाच्या बायकोला ठेवू नये.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले, पुन्हा वाचले, आणि या खेपेस मुद्रित नीट तपासले. यापूर्वी मी दुसरे केलेले नाही. खाली सही करतो आणि माझ्यासमोर, एकमेकांसमोर, दोघे साक्ष घालतात.

सही. आत्माराम भिकाजी शिवलकर, दस्तुर खुद्द.

साक्ष. गंगाराम बाळकृष्ण तोडणकर, शाळामास्तर, दुसरी खोली.
साक्ष. केरू धोंडू, तिसरी खोली, निशाणी अंगठा.

मुक्काम रत्नागिरी. शके १८५८, तारीख १२ डिसेंबर १९३६, शनिवार.

सह्यांच्या खाली लिहिलेले कायदा धरत नाही, असे मास्तर सांगतात. म्हणूनच हे खाली लिहितो.

येसू गेली तेव्हा धो धो कोसळत होते आणि बाजारात जायला वाट नव्हती. सवाष्ण बाई, तिला हिरवे लुगडे नेसवायला हवे. आमच्या ट्रंकेत होते ते सगळे ओलीने बुरसटलेले. गोदूबाई आपल्या खोलीत गेली आणि कापूर घालून ठेवलेले एक हिरवे लुगडे घेऊन आली. नवरा जायच्या आधी घेतलेले, घडी न मोडलेले. तिने ते मला दिले नाही. माझ्या बाजूने आत गेली आणि येसूला स्वतः नेसवले. मी ते नेसवू दिले. त्या दिवशी मी वकिलाला विचारायला गेलो नाही.

सहा वर्षांत आमच्यात त्याचा शब्द झाला नाही. आज दुपारी सह्या झाल्यावर मी काठी टेकत बाजारात गेलो, हिरवे लुगडे घेतले आणि पाचव्या खोलीच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवले. ती तांदूळ निवडत होती.

"ह्या काय?"

"तुमचं होतं. परत आणलंय."

तिने हात पुसले, घडी उचलून मांडीवर घेतली आणि काठ दोन बोटांत धरून बघितला. "हिरवा मी काय करू आता?" ती म्हणाली.

मी म्हटले, "ते तुम्ही ठरवा. माझ्याकडे तुमचं राहायला नको."

ती सरकली आणि उंबऱ्यावर एका माणसापुरती जागा झाली. मी बसलो. तिथून समुद्र खरेच दिसतो.